राजव्वाच्या ड्रममधली निर्गुडी

मी निर्गुडी बोलतेय. हो हो, तीच, कडू वासाची. नाक मुरडू नका. तुमच्याही घरातल्या एखाद्या बाळंतिणीची पाठ माझ्याच पाल्यानं शेकली असेल!

राजव्वानं मला तेलंगणातल्या सिरसिल्ल्याहून आणलं, ओल्या गोणपाटात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन. नवरा भिवंडीत लूमवर लागला होता. पद्मानगरात कारखान्याच्या भिंतीशी एका फुटक्या ड्रममध्ये तिनं मला लावलं. दिवसभर लूमची खडखड, अंगावर सुताची धूळ. पण राजव्वा रोज पदरानं माझी पानं पुसायची. लाडावलेच हो मी!

गल्लीत कुणी बाळंत झालं की पाला हंड्यात उकळायचा आणि तिसऱ्या दिवशी त्या पाण्यानं बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, ही तिच्या गावची रीत. तेलुगू असो, कोकणी मुसलमान असो, राजव्वा कुणाला नाही म्हणायची नाही. बायका म्हणायच्या, "अंग कसं हलकं झालं गं!" की मी फुगायचे.

यंदा मात्र घोटाळा झाला. पलीकडच्या गल्लीतल्या हबीबाची सून नबीला बाळंत झाली, आणि राजव्वानं मला पार ओरबाडलं. तिची स्वतःची लेक श्रीलता बाळंतपणाला आली होती खरी, पण तिला अजून तीन आठवडे होते. तोवर नवा पाला फुटेल, असं राजव्वाला वाटलं. श्रीलता दुसऱ्याच दिवशी बाळंत झाली!

तिसऱ्या दिवशी राजव्वा माझ्यापाशी आली. माझ्या अंगावर नुसते खुंट. ती खाली बसून रडायलाच लागली. "अय्यो, साऱ्या गल्लीच्या पोरींना न्हाऊ घातलं, माझ्याच पोरीला काय घालू?" इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. काल्हेरकडे ओढ्याकाठी माझी भावकी होती म्हणे. तिथं आता गोदामं उभी आहेत.

तेवढ्यात हबीबा आली. काखेत हिरवागार भारा.

"हे कुठून आणलंस?" राजव्वानं डोळे पुसत विचारलं.

"अगं, तुझाच माल हाय! पाला काढून झाला की काठ्या उरायच्या ना, त्या मी दर वेळी मागल्या दारी दुधीच्या वेलाला आधार म्हणून मातीत खोवायची. चार बाळंतपणं झाली आमच्याकडं. सगळ्या काठ्या फुटल्या बघ. रो मत आता. ऊठ, पाणी ठेव!"

राजव्वानं रडता रडता तिला मिठीच मारली.

मी मात्र थक्क. इतकी वर्षं दुसऱ्यांची बाळंतपणं केली, आणि मला लेकी झाल्याचं मलाच ठाऊक नव्हतं!

म्हणून बायांनो, एवढंच मागते. पाला हवा तर हबीबाच्या मागल्या दारी जा. मला सव्वा महिना हात लावू नका. मीही बाळंतीणच आहे.