पुसायची राहिलेली बाई

“अहो, डावीकडे घ्या जरा. तुमच्या डावीकडे नाही, चित्राच्या!”

चित्राची डावी बाजू कोणती, हे मला तीस वर्षांत कळलेलं नाही. शिडीवर उभा राहून मी लेव्हलची पट्टी फ्रेमवर ठेवली, बुडबुडा मध्ये आणला, खाली उतरलो आणि दिवा लावला. चित्रातली पांढरी बाई चमकत होती.

ती चमकायला नको होती. मी पटकन दिवा घालवला.

आता हे नीट सांगायला हवं. आमची ही चित्रकार. मी सुतार. हिचे कॅनव्हास ताणायचे, फ्रेमा करायच्या, चित्र वाळलं की त्यावर वार्निशचा फवारा मारायचा, एवढं माझं काम. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत हिच्याबद्दल छापलंय, ‘आदिवासी व आध्यात्मिक प्रतिमांना अमूर्ताची जोड देणाऱ्या’ आणि पुढे बरंच काही. ते वाचून ही मला म्हणाली, “अहो, ही कोण बाई? आपल्याच घरात राहते?” खरं म्हणजे रंगांचे मोठमोठे पट्टे असतात, आणि त्यांत कुठेतरी हिच्या आईच्या माणसांच्या, डोंगरातल्या वस्तीतल्या आकृत्या. पट्टे मला कळत नाहीत. आकृत्या कळतात, कारण त्या मावशींनी समजावून सांगितल्यात.

मावशी म्हणजे हिच्या आईची धाकटी बहीण. त्यांच्यात घरात कुणी आजारी पडलं की भिंतीवर पांढऱ्या मातीनं एक बाई काढायची. आजारपणाचा एक दिवस गेला की तिच्या अंगावर एक आडवी रेघ. माणूस बरं झालं किंवा गेलं, की जिनं काढली तिनंच उघड्या तळव्यानं ती पुसायची आणि मागे न बघता बाहेर पडायचं. पुसली नाही तर ते माणूस मधेच अडकतं, ना इथलं ना तिथलं.

ही सात वर्षांची असताना मावशींनी हिच्या आईसाठी अशी बाई काढली होती. तेविसाव्या दिवशी दोघी बहिणींचं भांडण झालं आणि मावशी तरातरा निघून गेल्या. चार दिवसांनी परत आल्या तोवर सगळं आटोपलं होतं. घरमालकानं खोलीला रंगही देऊन टाकला होता. बाई रंगाखाली गेली. पुसायची राहिली. पंचेचाळीस वर्षं मावशींच्या तोंडी तेवढंच, पुसायची राहिली गं.

म्हणून हे चित्र. तांबडा कॅनव्हास, मधोमध हिनं आठवून काढलेली मावशींची बाई, अंगावर तेवीस रेघा. तिला रंग लावलेला नाही, नुसती पांढरी माती, हात फिरवला की निघेल अशी. अकरा वाजता मावशी येणार आणि ती पुसणार. संध्याकाळी लोक बघायला येतील ते पुसलेलं चित्र. गॅलरीवाल्या बाईंना यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

आणि त्या मातीवर मी काल वार्निश मारलं होतं.

हिनं मला बजावलं होतं, शेवटच्या चित्राला काही लावायचं नाही म्हणून. मी तेव्हा करवत चालवत होतो. म्हणालो, हो हो. नवरा इतका जुना झाला की त्याच्या तोंडातून ‘हो’ आधी निघतं आणि कान मागून पोचतात. दुपारी बाराच्या बारा चित्रं ओळीनं लावली आणि फवारा मारत टोकापर्यंत गेलो. ब्रश असता तर पहिल्याच फटक्याला माती निघाली असती आणि मी जागा झालो असतो. वर आणि दोन हात मारले, मन लावून!

“दिवा का घालवलात?”

“डोळ्यावर येतोय.”

“कुणाच्या?”

“मावशींच्या येईल.”

“मावशीला कुठे दिसतंय आता एवढं?” ही म्हणाली. हातातल्या रुमालाचा तिनं पार दोरा केला होता. “अहो, पुसेल ना ती? की रागावेल, मी तिची बाई इथे चारचौघांत आणून टांगली म्हणून?”

“पुसेल की.”

“माझे हात बघा कसे गार पडलेत.”

मी बघितले. तेव्हाच सांगायला हवं होतं. साडेदहा वाजले होते, अर्धा तास हातात होता, काहीतरी करता आलं असतं. पण मी खिळे मोजत बसलो. दोनदा मोजले, दोन्ही वेळा वेगळे आले.

मावशी वेळेआधीच आल्या. दाराशी चपला काढल्या, इथे काढायच्या नसतात असं गॅलरीवाल्या बाई म्हणाल्या तरी काढल्या.

“जावईबापू, वाळलात.”

“मावशी, तुम्हाला दिसत नाही.”

“आवाज वाळलाय.”

हिनं त्यांना हात धरून चित्रापुढे नेलं. गॅलरीवाल्या बाईंचा फोन वाजला म्हणून त्या आत गेल्या, तेवढं बरं झालं. मावशी नाक कॅनव्हासला लागेल इतक्या जवळ उभ्या राहिल्या आणि पुटपुटत रेघा मोजू लागल्या. तेवीस भरल्या. मग पदर खोचला आणि उजवा तळवा बाईच्या खांद्यावर ठेवून सरळ खाली ओढला.

काही झालं नाही.

त्यांनी परत ओढला, जोर लावून. मग तळवा डोळ्यांपाशी नेऊन बघितला. स्वच्छ होता. त्या तिथेच खाली बसल्या.

“नाही जायचं म्हणते,” मावशी म्हणाल्या.

“असं नसतं गं मावशी. माती घट्ट बसली असेल.”

“मातीचं मला सांगतेस? माती कधी घट्ट बसते?” त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “राग आहे तिचा अजून. असणारच. निघताना मी तिला काय बोलले, ठाऊक आहे तुला? मर एकदाची, म्हणाले. आजारी बहिणीला. कुणाला सांगितलं नाही मी आजवर.”

हिच्या हातातला रुमाल गळून पडला.

मी गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. खरंच. सगळा दोष त्या गेलेल्या माउलीच्या माथी जाणार होता, ती काही ‘नाही’ म्हणायला येणार नव्हती. आणि ही म्हातारी तेच घेऊन घरी जाणार, तेच घेऊन मरणार. मला माझीच शिसारी आली.

“मावशी, ती नाही हो. मी. मी वार्निश मारलंय त्याच्यावर. काल. चुकून.”

ही वळली. “मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“आणि तुम्ही हो म्हणाला होतात.”

“हो.”

“आता तरी हो म्हणू नका!” ती ओरडली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. इतकी वर्षं झाली, पण हिला असं रडवलं नव्हतं मी.

मावशींनी वर बघितलं. “म्हणजे ती रागावलेली नाही?”

“ते मला कसं कळणार, मावशी? पण माती निघत नाहीये ती माझ्यामुळे. तिचा काही संबंध नाही.”

“आता निघेल?”

“टर्पेंटाइननं निघेल. पण तुमच्या हाताची सालटी निघतील.”

“मग तुमचा हात आहे की,” मावशी म्हणाल्या आणि उठायला हात पुढे केला.

मी पेटीतून बाटली काढली. फडकंही काढलं होतं, पण तळवा उघडा हवा म्हणून परत ठेवलं. ओंजळभर टर्पेंटाइन घेतलं आणि हात बाईच्या खांद्यावर टेकवला. करवतीचा कालचा ओरखडा होता, तो असा झोंबला की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हातावर मावशींनी आपला हात ठेवला. वजन असं काही नव्हतंच त्याला.

“चला.”

आधी नुसता चिकट लगदा झाला. मग एक रेघ हलली, मग दोन. आम्ही दोघं थांबत थांबत खाली येत होतो, मी परत परत हात ओला करत होतो, आणि मावशी दर रेघेला काहीतरी म्हणत होत्या. ते त्यांच्या बोलीत होतं, मला समजलं नाही. तांबड्यावर सगळीकडे पांढरट धुकं पसरलं.

“गेली?” मावशींनी विचारलं.

पायाशी एक रेघ राहिली होती. बाटली रिकामी झाली होती आणि माझा हात कोरडा पडला होता. मी काय सांगावं या विचारात होतो, तेवढ्यात ही आली. माझ्याकडे न बघता वाकली, माझं अजून ओलं मनगट आपल्या तळव्यावर घासून घेतलं, आणि ती रेघ पुसली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा निघाली.

“गेली गं मावशी,” ती म्हणाली.

मावशींनी हात आपल्या लुगड्याला पुसला, आणि तोंड दाराकडे केलं. मधे मावशी, दोन बाजूंना आम्ही दोघं, असे निघालो.

वासानं गॅलरीवाल्या बाई धावत बाहेर आल्या असाव्यात. मागून किंकाळीच ऐकू आली. “अहो! काय करून ठेवलंत हे? निमंत्रणावर हेच चित्र छापलंय! अहो, ऐकताय का?”

आम्ही ऐकत होतो. मावशींच्या चपला घालून झाल्या.

“तुमची पेटी आत राहिली,” ही समोर बघतच मला म्हणाली. त्या ओरडण्यानंतर माझ्याशी तिचं हे पहिलं वाक्य.

“राहू दे.”

बाहेर पायऱ्या होत्या. उतरताना मावशींनी माझा हात घट्ट धरला, नेमका ओरखड्यावर. भयंकर झोंबत होतं. मी तो सोडवून घेतला नाही.