घंगाळातलं गिऱ्हाईक

निकितानं कासव उलटं धरलं आणि मनात आकडे मोजायला सुरुवात केली. तीनला कासवानं चारही पाय जोरात झाडले. तिनं ते सुलट करून काचेच्या टाकीत सोडलं, वहीत खूण केली आणि दुसरं उचललं.

"ताई, वांगी निवडताय का?" दुकानदारानं विचारलं.

"वांगी दोन दिवसांत संपतात. हे तीस वर्षं राहणार आहे."

दुकानदारानं मान हलवली आणि माशांच्या खाद्याची पाकिटं लावत बसला. निकिता नववीत होती. दोन महिन्यांपूर्वी ती शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली होती, आणि आई म्हणायची तसं, तेव्हापासून माइक हातातून सुटलाच नव्हता. कासवाबद्दल तिनं अठरा पानं लिहून काढली होती. डोळे उघडे आणि स्वच्छ हवेत. नाकाशी बुडबुडे नकोत. पाठ दाबून बघायची, मऊ लागली तर घ्यायचं नाही. पोहताना एका बाजूला कलत असेल तर छाती बिघडलेली आहे.

दुकानदारानं आवाज खाली आणून आत चांदण्यांच्या पाठीचं कासव असल्याचं सांगितलं, फार शुभ असतं म्हणाला. ते पाळायला कायद्यानं बंदी आहे, हे निकितानं इतक्या मोठ्यांदा सांगितलं की दारातलं दुसरं गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. मग त्यानं लाल कानाच्या कासवाबरोबर प्लास्टिकची डबी पुढे केली. आत चिमुकलं नारळाचं झाड होतं. आयुष्यभर यात राहतं, तो म्हणाला.

"हे ताटाएवढं होतं, काका," निकिता म्हणाली. "मग ताट या डबीत बसवून दाखवा."

तिला कासव स्वतःसाठी नकोच होतं. ते आजोबांसाठी होतं.

श्रावणात आजी गेली, चतुराबाई. तेव्हापासून सावळीराम आजोबांकडे दोनच शब्द उरले होते. 'हं' आणि 'नको'. पंचवटीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसायचे. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. जेवणात अर्धी भाकरी. कुत्रा आणू म्हटलं, नको. पोपट, नको. कासवाचं निकितानं विचारलंच नाही. आजोबांसारखंच गप्प बसणारं काहीतरी घरात असलं तर त्यांना आपण एकटे गप्प आहोत असं वाटणार नाही, असं तिचं गणित होतं.

"तीस वर्षं?" आई, आशा, म्हणाली होती. "आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. नंतर कोण बघणार त्याला?"

"मी."

"तू स्वतःचा डबा धूत नाहीस."

घरी तिनं कपडे भिजवायच्या निळ्या टबात पाणी घातलं. नळाचं पाणी आदल्या दिवशीच बादलीत काढून उघडं ठेवलेलं होतं, क्लोरीन उडून जायला. एका बाजूला चढायला वीट, विटेवर दिवा. मग तिनं टब ढकलत ढकलत आजोबांच्या खुर्चीपाशी नेला.

आजोबांनी बराच वेळ पाहिलं. कासवानं विटेवर चढायचा प्रयत्न केला, घसरलं, पुन्हा चढलं.

"देवळात देवाच्या आधी याला हात लावतात," ते म्हणाले, "आणि तू याला प्लास्टिकमध्ये ठेवलंस?"

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. चार महिन्यांतलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

"मग कशात ठेवू?"

"माळ्यावरची गोणी काढ."

आजोबा तांबट. जुन्या नाशकात त्यांचं दुकान होतं, ते मोडून आठ वर्षं झाली होती. गोणीत हातोड्या होत्या, आणि गोणीच्या मागे चादरीत गुंडाळलेलं दीड हात रुंदीचं तांब्याचं घंगाळ. बूड ठोकून झालेलं, काठ तसाच राहिलेला. आजीनं स्वतःच्या न्हाणीसाठी ते मागितलं होतं. दर दिवाळीला ती विचारायची, कधी व्हायचं माझं? आजोबा म्हणायचे, घरचं गिऱ्हाईक शेवटी.

नऊ दिवस ठोकाठोक चालली. आजोबा घंगाळ मठारत होते. म्हणजे गोल तोंडाच्या हातोडीनं एकाला एक लागून घाव घालत जायचे, प्रत्येक घावाची लहानशी खळगी पडायची आणि तांबं त्यानं घट्ट व्हायचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या मंगलाबाई भांडायला वर आल्या. दुपारची झोप, डोकं, सोसायटीचे नियम, सगळं एका दमात बोलल्या. मग खाली बसून बघत राहिल्या आणि जाताना विचारून गेल्या की त्यांच्या तांब्याला पोचा आलाय तेवढा निघेल का.

निकिता वही घेऊन शेजारी बसायची. पाणी किती खोल हवं, उतार किती असला म्हणजे कासव घसरत नाही, दिवा किती उंचावर. आजोबा तिचे आकडे ऐकायचे, बोटांनी मापायचे आणि पुन्हा ठोकायचे. कासवाला ऊन खायला त्यांनी आत एक तिरपी पायरी बसवली. तिला जास्तीच्या खळग्या पाडल्या, नखं अडकावीत म्हणून. कासवासाठी निकितानं तीन पानं भरून नावं काढून ठेवली होती, पण आजोबा त्याला गिऱ्हाईक म्हणायला लागले आणि तेच राहिलं.

"गिऱ्हाईक जेवलं का?" ते सकाळी उठल्या उठल्या विचारायचे. "नीट विचार त्याला. मागाहून माल परत घेणार नाही म्हणावं."

दहाव्या दिवशी त्यांनी घंगाळ चिंचेनं घासलं. सगळी खोली लालसर दिसायला लागली. निकितानं फोटो काढला. शाळेच्या ग्रुपवर टाकायच्या आधी कुठल्या कोनात दिवा बसवतात ते पाहावं म्हणून तिनं कासव पाळणाऱ्यांचं एक पान उघडलं. दिव्याचं सापडलं. त्याच्या खाली दोन ओळी होत्या. पाण्याच्या भांड्यात धातू नको. तांबं तर मुळीच नको, ते पाण्यात उतरतं आणि कासवाच्या अंगात साठत जातं.

तिनं त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. अठरा पानांत तिनं तांब्याचा विचार केला नव्हता. तांब्यातलं पाणी वाईट असेल असं तांबटाच्या घरात कोणाला सुचणार?

ती उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. आजोबा जेवायला बसले होते. दुसरी भाकरी मोडत होते. आईला लसणाची चटणी मागत होते, आणि चतुरा असती तर यात दाणे जरा जाड ठेवले असते, असंही म्हणाले. आजीचं नाव त्यांनी घेतलं. आई पाठमोरी उभी राहिली आणि बराच वेळ ओट्यावरून फडकं फिरवत राहिली.

निकितानं फोन पालथा केला.

"आजोबा, आतून कल्हई नाही करायची?"

आजोबा हसले. "कल्हई आंबटाला. ताकाला, आमटीला. कथलाचा थर दिला म्हणजे ताक कळकत नाही, तांबं त्यात उतरत नाही. नुसत्या पाण्याला कशाला? पाणी तांब्यातलंच चांगलं. तुझ्या आजीनं पन्नास वर्षं तेच प्यायलं."

"हं," निकिता म्हणाली.

त्याच संध्याकाळी आजोबांनी कासव घंगाळात सोडलं. रविवारी सांगू, असं तिनं ठरवलं. रविवारी आजोबांनी मंगलाबाईंना घंगाळ दाखवायला वर बोलावलं होतं. मग तिनं ते पुढच्या रविवारवर ढकललं. तोवर तिनं जमेल ते केलं. सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं. शाळेत जाताना कासव निळ्या टबात ठेवून टब बाल्कनीत नेला. उन्हासाठी, असं सांगितलं. ती परत यायच्या आत आजोबा त्याला घंगाळात आणून सोडायचे. "उन्हात सुकत होतं बिचारं. दुकानात आणलं."

तेराव्या दिवशी कासवानं खाणं सोडलं. पालकाचं पान तसंच तरंगत राहिलं. पंधराव्या दिवशी डोळ्यांच्या पापण्या सुजल्या. निकितानं त्याला उलटं धरलं आणि मनात मोजलं. वीसपर्यंत मोजलं. पाय हलले, पण झोपेत कोणी कूस बदलावी तसे.

जनावरांच्या डॉक्टरकडे आजोबाही निघाले. इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली. आजीच्या दहाव्यानंतर ते पहिल्यांदाच जिना उतरत होते. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी कासव टेबलावर ठेवलं, तोंड उघडून पाहिलं, पाय ओढून पाहिले.

"कशात ठेवता याला?"

आजोबा खुर्चीत पुढे सरकले. सांगायला त्यांनी हात उचलला होता, दोन्ही तळवे घंगाळाएवढे लांब धरले होते.

"टबात," निकिता म्हणाली. "प्लास्टिकच्या."

आजोबांचे हात तसेच राहिले.

"पाण्यात धातूचं काही नाही ना? तांबं वगैरे? लक्षणं थोडी तशी वाटतायत. तसं असेल तर उपाय वेगळा करावा लागतो."

डॉक्टर निकिताकडे बघत होत्या. आजोबाही निकिताकडे बघत होते. माइकसमोर तिला कधी शब्द शोधावा लागला नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

"मग थंडीच असेल. या आठवड्यात पारा नऊवर आलाय. दिवा वाढवा, हे थेंब द्या."

रिक्षात आजोबांनी कासवाचा डबा मांडीवर धरला होता. खड्डा आला की ते डबा वर उचलायचे. होळकर पुलावर रिक्षा थांबली तेव्हा निकिताला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. घरी आल्यावर त्यांनी बूट काढायच्या आधी बाल्कनीतला निळा टब आत आणला, त्यात बादलीतलं पाणी ओतलं, वीट ठेवली आणि कासव विटेवर ठेवलं. घंगाळावर त्यांनी जुनी चादर टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कासव विटेवरच होतं. मान बाहेर होती. निकितानं बोट लावलं, ती आत गेली नाही.

"थंडीनं गेलं," ती आजोबांना म्हणाली.

"हं," आजोबा म्हणाले.

आई म्हणाली, रामकुंडात सोडून ये. निकितानं नको म्हटलं. दुकानातलं कासव, जिवंत किंवा मेलेलं, गोदावरीत सोडायचं नाही, हे तिच्या वहीत पहिल्याच पानावर होतं. इमारतीच्या मागे बदामाच्या झाडाखाली तिनं खुरप्यानं खड्डा केला. आजोबा जवळ उभे होते. माती लोटून झाल्यावर त्यांनी टोपी काढली, आणि ती पुन्हा घालायचं विसरून वर गेले.

पुढचे चार दिवस ते खिडकीशी होते. अर्धी भाकरी. निकितानं अठरा पानांची वही दप्तराच्या तळाशी ठेवली होती. शाळेत बाई म्हणाल्या, निकिता, आज काय झालंय, हात वर नाही? ती म्हणाली, घसा बसलाय.

पाचव्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा फाटकाशीच नाकाला झोंबणारा वास आला. मंगलाबाई पदर नाकाला लावून जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या.

"तुझे आजोबा," त्या म्हणाल्या. "ते एवढं धूड एकट्यानं उतरवलं. माझ्या दाराशी दोनदा टेकले. माझ्या मुलाला बोलावते म्हटलं तर नको म्हणाले. आणि आता काय जाळतायत ते बघ."

पार्किंगच्या कोपऱ्यात विटांच्या मधे कोळसे फुललेले होते. घंगाळ त्यावर कलतं ठेवलेलं. आजोबा उकिडवे बसले होते. त्यांनी नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला. मग चिमट्यात धरलेला कापसाचा बोळा वितळलेल्या कथलावरून फिरवला, आणि त्याच्या मागे लाल तांबं पांढरं होत गेलं. आतला बहुतेक भाग झाला होता. तिरपी पायरीही झाली होती, खळग्यांसकट.

निकिता दप्तर न उतरवता उभी राहिली. आजोबांनी वर पाहिलं नाही. त्यांनी घंगाळ विस्तवावरून खाली ओढलं, त्यावर पाणी मारलं आणि फडक्यानं आतून पुसायला लागले. पायरीच्या कडेला नखाएवढा लाल ठिपका राहिला होता. तिथे ते थांबले. अंगठा बराच वेळ तिथेच ठेवला.

"आजोबा, मी..."

"थंडीनं गेलं ना ते," आजोबा म्हणाले. "म्हटलं, पुढच्या गिऱ्हाइकाला गार लागायला नको."

धुरानं त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. त्यांनी ते बाहीनं टिपलं आणि चिमटा तिच्यापुढे धरला.

निकितानं दप्तर खाली ठेवलं. ती त्यांच्याशेजारी उकिडवी बसली आणि तो ठिपका राहिला होता तिथे हात लावून पाहिला. घंगाळ अजून गरम होतं.