हॉर्न नसलेली गाडी

"हॉर्न कुठाय?" आबासाहेबांनी विचारलं.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या त्या गाडीभोवती ते दोनदा फिरून आले होते. फिरायला वेळ लागला नव्हता, कारण गाडी जेमतेम बाजेएवढी होती. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार कोपऱ्यांना चार उघडी चाकं आणि मध्ये एकच सीट, तीही जमिनीपासून वीतभर. इंजिन मोटरसायकलचं. छप्पर नाही, दार नाही, सामान ठेवायला जागा नाही.

"आबा, हिला हॉर्न नसतो," उत्कर्षा म्हणाली.

"नसतो म्हंजी? आन् म्हस आडवी आली तर?"

"ट्रॅकवर म्हस येत न्हाय."

"म्हस कुठंबी येती," आबासाहेब ठामपणे म्हणाले. एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाचं हे मत होतं. त्यावर वाद घालायला वर्कशॉपमधलं कुणी पुढे आलं नाही.

टीमचा कॅप्टन यशराज मात्र उत्साही पोरगा होता. पालकांना गाडी दाखवायचा दिवस होता आणि त्याने सगळं पाठ केलं होतं. "काका, ही फॉर्म्युला कार आहे. म्हणजे टीव्हीवर दिसते त्याचं धाकटं भावंड समजा. पुढच्या महिन्यात पुण्याच्या दोन कॉलेजांच्या गाड्या बारामतीत येणार आहेत. एमआयडीसीत एका गोडाऊनचं मोठं काँक्रीटचं पटांगण मिळालंय. आणि उत्कर्षा आमची ड्रायव्हर आहे!"

आबासाहेबांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने गाडीच्या चाकाकडे पाहिलं. घरी तिने 'गाडीचं काम करते' एवढंच सांगितलं होतं. आबासाहेबांना वाटलं होतं, नटबोल्ट आवळत असेल.

"ही वजनानं हलकी आहे, काका. आणि हात एकदम स्थिर," यशराज म्हणाला.

"पळती किती?" आबासाहेबांनी विचारलं.

यशराजने आकडा सांगितला. आबासाहेब शेजारच्या स्टुलावर बसले.

त्यांना बसावं लागलं यात नवल नव्हतं. इंदापूर-बारामती रस्त्यावर आबासाहेबांचं नाव 'गोगलगाय' होतं. त्यांच्या गाडीत निमगाव केतकीला चढलेलं तान्हं पोर बारामतीला उतरेपर्यंत चालायला लागतं, असं लोक म्हणत. अंथुर्ण्याजवळ बैलगाडीने त्यांना ओव्हरटेक केल्याची गोष्ट तर कंडक्टर मंडळी शपथेवर सांगत. आबासाहेब ऐकून घेत आणि ठरलेल्या वेगाने गाडी नेत. एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीने कोंबडीसुद्धा मारली नव्हती. पण न मेलेल्या कोंबडीची आठवण कोण ठेवतो? निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भाषणं झाली. भाषणं बहुतेक गेणूबद्दल झाली.

गेणू म्हणजे त्यांचा जोडीदार, त्याच डेपोचा ड्रायव्हर, त्याच दिवशी निवृत्त झालेला. तो 'वादळ' म्हणून प्रसिद्ध. गेणूने लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी मुहूर्ताला कशी पोचवली, बाळंतिणीला दवाखाना कसा गाठून दिला, उसाच्या दोन ट्रॅक्टरांमधून एसटी कशी काढली, याच्या कहाण्या होत्या. त्यातल्या दोन कहाण्यांत गाडी ओढ्यात गेली होती, पण सांगताना तो भाग लोक मायेने सांगत. आबासाहेबांची कहाणीच नव्हती. माणसं बसली, माणसं उतरली. संपलं.

तर हा गेणू आता निमगावच्या चौकात चहाच्या टपरीवर बसून मोबाइलवर फॉर्म्युला वनच्या शर्यती पाहत असे. आबासाहेब दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले.

"गेणू, ह्या शर्यतीत माणसं मरत्यात का?"

"पयल्या जमान्यात लई मरायची," गेणू आनंदाने म्हणाला. "आता कमी."

"मला पयल्या जमान्यातलं दाव."

मग आठवडाभर दोघं टपरीवर डोक्याला डोकं लावून बसले. गेणू वेगाच्या कथा शोधी, आबासाहेब अपघाताच्या. रात्रीच्या जेवणाला आबासाहेब दिवसभराची कमाई घेऊन येत.

"एकोणीसशे चौऱ्याण्णव साल," ते भाकरी मोडत म्हणाले. "इटली देश. शनवारी एक ड्रायव्हर गेला. तरीबी रयवारी गाड्या सोडल्या. आन् रयवारी तो शेन्ना गेला. जगात सगळ्यात भारी माणूस! ज्या मार्गावर काल माणूस गेला, तितं आज गाडी सोडत्यात व्हय? कोण व्हता तितला डेपो म्यानेजर?"

"आबा, त्यानंतरच तर सगळं बदललं," उत्कर्षा म्हणाली. "ट्रॅक बदलले, गाड्या बदलल्या. आता डोक्याच्या वर एक मजबूत कडं असतंय. बहारीनला एकाच्या गाडीचे दोन तुकडे झाले, आग लागली, आन् माणूस आगीतनं स्वतः बाहेर आला. त्या कड्यानं वाचला."

"आमच्या एसटीला कडं न्हाय आन् आगबी न्हाय," आबासाहेब म्हणाले.

"अवो, पोरीला जेवू द्या," रंगूबाई म्हणाल्या. त्यांना शर्यतीचं सुतक नव्हतं की सोयर. लेक चाळिशीच्या उंबरठ्यावर झालेली, एकुलती. तिचं पोट भरलं पाहिजे, एवढंच त्यांचं धोरण.

दुसऱ्या रात्री आबासाहेब आणखी अस्वस्थ होऊन आले. "त्यो शेन्ना आन् त्यो प्रोस्ट. दोघं एकाच टीमचे. जपानात एकमेकाच्या अंगावर गाड्या घातल्या! एकाच डेपोचे असून!"

"भांडण व्हतं त्यांचं, आबा. कोण मोठा, याचं."

"भांडण आमचंबी व्हतं. गेणू आन् मी सात वरीस बोलत नव्हतो. म्हनून मी काय लासुर्ण्यात त्याच्या गाडीला धडक दिली का?"

रंगूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग उत्कर्षाही हसली. पण आबासाहेब हसले नाहीत. ताटावरून उठताना ते एवढंच म्हणाले, "तू न्हाय बसायचं त्या गाडीत."

तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. चौथ्या दिवशी आबासाहेब चौकात गेले, तर गेणू त्यांची वाटच पाहत होता.

"आबा, तुझ्यासारखा एक घावला बघ. निकी लाउडा. जर्मनीत गाडी पेटली, तोंड भाजलं, वाचंल असं कुणाला वाटलं न्हाय. दीड म्हैन्यात गडी परत गाडीत. आन् शेवटच्या शर्यतीला पाऊस. धुकं. समोरचं दिसंना. दोन चकरा मारल्या आन् गाडी आणून उभी केली. म्हनला, माझा जीव मोठा. त्या उतरन्यानं एका गुणानं कप गेला. त्याच्याशी टक्कर असलेला हंट जिंकला. भेकड म्हनले लोक त्याला."

आबासाहेबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "भेकड?" ते म्हणाले. "भाजलेल्या तोंडानं परत बसला, त्यो भेकड? आरं, उतराय लई छाती लागती. गाडी काय, कुनीबी पळवतंय."

ते घरी आले आणि उत्कर्षाला म्हणाले, "चल. गाडी काढ. बघू तरी तुला येतं काय."

घरची मारुती जुनी होती. रंगूबाईंची बहीण डाळजला दिली होती, तिच्याकडे जायचं ठरलं. उत्कर्षा स्टिअरिंगवर, आबासाहेब शेजारी, रंगूबाई मागे. "मागं म्हातारी बसली हाय," आबासाहेबांनी नियम सांगितला. "चांगल्या ड्रायव्हरच्या गाडीत म्हातारी झोपती. ती जागी झाली की तू नापास."

"म्हातारी कुनाला म्हनताय?" मागून आवाज आला.

"झोप तू."

"मला न्हाय झोप येत. सकाळचे नऊ वाजल्यात."

इंदापूर येईपर्यंत रंगूबाई टक्क जाग्या होत्या आणि नवऱ्याला सुनावत होत्या. हायवेला लागल्यावर उत्कर्षाने गाडी एका लयीत धरली. ट्रक आले, कंटेनर आले, एक दुचाकीवाला उलट्या दिशेने तीन पोरं आणि एक शेळी घेऊन आला. ब्रेकचा झटका लागला नाही, वळणाला डोकं हललं नाही. पळसदेवच्या पुढे बोलणं थांबलं. आबासाहेबांनी मागे वळून पाहिलं. रंगूबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या.

आबासाहेब पुढे बघू लागले. मग म्हणाले, "डाळज आलं की हॉर्न वाजवू नगं. झोपू दे तिला."

तेवढ्यावर परवानगी झाली.

शर्यतीच्या दिवशी एमआयडीसीतल्या पटांगणाला जत्रेची कळा आली होती. प्लास्टिकचे शंकू लावून वळणावळणाचा मार्ग आखला होता. गाड्या अंतर ठेवून सोडायच्या, ठरलेल्या चकरा मारायच्या, ज्याचा वेळ कमी तो जिंकला. कडेला दोरी बांधली होती आणि दोरीला खेटून गेणू, रंगूबाई आणि आबासाहेब उभे होते. आबासाहेबांनी निवृत्तीला मिळालेली शाल भर उन्हात खांद्यावर घेतली होती. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

उत्कर्षा हेल्मेट घालून त्या नळ्यांच्या पिंजऱ्यात उतरली. पट्टे आवळले. ती एवढीशी दिसत होती. आबासाहेबांनी डोळे मिटले. इंजिन किंचाळलं आणि गाडी सुटली.

पहिली चक्कर त्यांनी ऐकलीच फक्त. दुसऱ्या चकरेला एक डोळा उघडला. लेक वळणात शिरत होती, शंकूला केसभर सोडून बाहेर येत होती. पुढे पुण्याची पिवळी गाडी होती आणि अंतर दर चकरेला कमी होत होतं.

"धरती बघ! धरती त्याला!" गेणू ओरडला.

"हळू म्हनावं तिला," रंगूबाई म्हणाल्या.

आणि मग जे झालं त्यावर निमगावात आजही कुणी विश्वास ठेवत नाही. लांब सरळ पट्ट्यावर दोन्ही गाड्या आल्या तेव्हा आबासाहेब, इंदापूर-बारामती मार्गाची गोगलगाय, दोरी दोन्ही हातांनी धरून शाल खाली पडेपर्यंत उड्या मारत होते. "दाब! आगं दाब की! वळनावर घे त्याला! दाऽऽब!"

गेणूने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचा जबडा लोंबला. "आबा, आरं..."

"गप, तुझ्यायला! दाब पोरी!"

पुढच्या चकरेला पंचाने वाट द्यायचं निशाण दाखवून पिवळ्या गाडीला बाजूला घेतलं आणि उत्कर्षा पुढे निघाली. यशराज आणि त्याची पोरं नाचायला लागली. अजून थोड्याच चकरा राहिल्या होत्या. वेळ त्यांच्या बाजूने होता. समोरच्या टोकाच्या वळणातून ती बाहेर आली आणि तिने हात वर केला.

गाडी मंदावली. शंकूंच्या बाहेर, मातीच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"काय झालं? का थांबली?" यशराज धावत सुटला. "चालू होती की! गाडी चालू होती!"

आबासाहेब दोरीखालून आत शिरले. पंचाची शिट्टी वाजत राहिली, पण एकसष्ट वर्षांचा माणूस धावत असेल तर शिट्टीने थांबत नाही. ते पोचले तेव्हा उत्कर्षा बाहेर येऊन उभी होती आणि यशराज तिच्यावर ओरडत होता.

"मागच्या उजव्या चाकात खडखड लागली," ती म्हणत होती. "सीटला कळत होतं."

"तेवढ्यानं काय होतं? तीन चकरा काढायच्या फक्त! आपण जिंकलो होतो!"

एका पोराने वाकून चाक हलवलं. चाक डगमगलं, नको तितकं. चाक धरून ठेवणारा आतला भाग चिरत गेला होता. पोराने हात काढून घेतला आणि यशराजकडे पाहिलं. यशराजने कपाळाचा घाम पुसला आणि तिथेच मातीत बसला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "बरं केलंस. सॉरी."

पण उत्कर्षाने हेल्मेट काढलं नव्हतं. काचेच्या आत तिचे डोळे लाल झाले होते. "हरलो, आबा," ती म्हणाली. "तुमी बघाय आला आन् मी हरले."

आबासाहेबांना पुष्कळ सुचलं. आठवडाभर गोळा केलेला इतिहास ओठांवर आला, शेन्ना आला, लाउडा आला. त्यातलं काही बोलावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनाही वाईट वाटत होतं. लेक जिंकायला हवी होती. आयुष्यात प्रथमच त्यांना कुणीतरी पुढे जायला हवं होतं.

"ब्रेकडाऊनची गाडी कवा येती?" त्यांनी विचारलं.

"शर्यत संपल्यावर ढकलून नेतील."

"मग आपन थांबू. ड्रायव्हरनं गाडी सोडून जायचं नसतं."

ते इकडेतिकडे पाहत भिंतीकडे गेले. तिथे लिंबाचं झाड होतं. त्यांनी एक फांदी वाकवून मोडली, चांगली पाल्याची. वाटेत दोन धोंडे उचलले. धोंडे चाकांना लावले आणि फांदी गाडीच्या मागे, येणाऱ्या गाड्यांना लांबून दिसेल अशी, मातीत नीट रोवून उभी केली. लासुर्ण्याच्या चढाला बंद पडलेल्या एसटीमागे लावतात तशी.

पंच शिट्टी तोंडात धरून धावत आला होता. फांदी पाहून तो थबकला. शिट्टी त्याने खिशात टाकली.

उत्कर्षाने हेल्मेट काढलं आणि बापाशेजारी मातीत बसली. टोकाच्या वळणातून पिवळी गाडी आली, जोरात. फांदी दिसताच तिने वेग कमी केला, वळसा घेतला आणि पुढे निघून गेली.