चोवीस नंबरचा जावई

आमच्या सरांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत आवाज कमी-जास्त करायच्या डेस्कला चोवीस चॅनल आहेत. तेवीस कामाचे आणि चोविसावा जावई.

जावयाला बटणं आहेत, दिवा आहे, वर लाल पट्टीही चिकटवलेली आहे, पण मागे एकही वायर जोडलेली नाही. कितीही फिरवा, आवाजात काडीचा फरक पडत नाही. नाव सरांनीच ठेवलंय. "मान सगळा द्यायचा, कामाची अपेक्षा करायची नाही," असं म्हणतात. सरांना स्वतःला दोन जावई आहेत, तेव्हा अनुभवाचे बोल असणार.

मी सकाळी कॉलेजात साउंडचा कोर्स करते आणि दुपारी सरांकडे काम शिकते. पहिला महिना नुसत्या वायरी गुंडाळल्या. वायर चुकीची गुंडाळली की सर ती अख्खी सोडून पुन्हा हातात द्यायचे, तोंडातून शब्द न काढता. एवढा अपमान मला बोलून कोणी केलेला नाही.

जावयाची आणि माझी गाठ पडली ती एका जाहिरातीच्या वेळी. गादीची जाहिरात होती, तीस सेकंदांची. बोलणारे गृहस्थ काचेपलीकडून म्हणाले, "माझ्या आवाजात जरा पहाट कमी पडतेय."

मी सरांकडे बघितलं. आता सर पहाट कुठून आणणार?

"पहाट ना? देतो की," म्हणत सरांनी लाल पट्टीवाल्या चॅनलचं बटण पाव वळसा फिरवलं. "आता बघा बरं."

गृहस्थांनी डोळे मिटून एक ओळ म्हटली. "आत्ता कशी! आली पहाट!"

मी हसू दाबायला टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला वाकले. ते बराच वेळ सापडलं नाही.

"सर, ही शुद्ध फसवणूक आहे," ते गेल्यावर मी म्हणाले.

"फसवणूक नाही गं, औषध आहे. माणूस काचेपलीकडे एकटा उभा असतो, आतून टरकलेला असतो. आपण काहीतरी केलं म्हटलं की धीर येतो त्याला. पण एक लक्षात ठेव, जावयाला हात लावायचा तो सगळं तपासून झाल्यावर. माइक, वायर, हेडफोन, सगळं. त्याआधी नाही."

माझ्या लक्षात 'एक लक्षात ठेव'च्या आधीचं सगळं राहिलं.

पुढच्या तीन महिन्यांत मी जावयाच्या जिवावर काय काय दिलं म्हणून सांगू! एकाला गोडवा दिला, दुसऱ्याला खोली दिली, एका बाईंना 'थोडं आईपण' हवं होतं, तेही दिलं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. सगळे खूश, मी त्याहून खूश. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ना, ते मी झाले होते.

आता माझ्या आईची ओळख करून देते. आई हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसभर नंबर पुकारून तिचा आवाज असा झालाय की घरी नुसतं "जेवायला चला" म्हटलं तरी शेजारचे हात धुतात. पण गाते मात्र अगदी हळू, ओट्यापाशी, कोणी आलं की थांबते. कॉलेजात असताना एकदा भर हॉलमध्ये तिचा सूर गेला होता आणि लोक हसले होते. त्यानंतर चोवीस वर्षं ती स्टेजवर चढली नाही.

त्या हॉस्पिटलला पन्नास वर्षं झाली म्हणून रविवारी सकाळी कर्मचाऱ्यांचा कार्यक्रम ठरला. साउंडचं काम सरांकडे आलं. आणि एक दिवस आई पोळपाट पुसता पुसता म्हणाली, "मी नाव दिलंय गाण्याला."

"तू? आई, तू?"

"तू आहेस ना मशीनवर. मग मला कसली भीती?"

हे वाक्य ऐकून मी फुलून गेले. त्याचं ओझं कळायला रविवार उजाडावा लागला.

त्या दिवशी सर हॉलच्या मागच्या डेस्कवर होते, लोकांना जे ऐकू जातं ते सांभाळत. स्टेजच्या कडेचा छोटा डेस्क पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हाती होता. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पायाशी एक तिरका स्पीकर ठेवतात, त्याला मॉनिटर म्हणतात. तो माझ्या ताब्यात. कार्यक्रमाआधी आईला उभं करून सगळं तपासलं. "अगं, किती स्वच्छ ऐकू येतंय!" ती लहान मुलीसारखी हसली. आणि हो, माझ्या डेस्कवरच्या एका रिकाम्या चॅनलला मी लाल पट्टी चिकटवली होती. जावयाशिवाय घर सुनं वाटतं.

सुरुवात मोठ्या डॉक्टरांनी केली. साहेब सुरात कमी आणि जोशात जास्त. दर दोन ओळींना माझ्याकडे बघून बोटाने 'वाढव, वाढव'. मी गंभीर चेहऱ्याने जावई फिरवला, अंगठा दाखवला. साहेबांनी मान डोलावली आणि असे काही खुलले की शेवटच्या कडव्याला नाचायलाच लागले. दोन गिरक्या, एक उडी. टाळ्या! मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली.

मग आई आली.

पहिलीच ओळ सुरू झाली आणि तिने एक हात कानाशी नेला, मग खाली मॉनिटरकडे दाखवला. ऐकू येत नव्हतं तिला. मी डेस्क बघितला. तिच्या चॅनलचे दिवे छान नाचत होते, म्हणजे आवाज जात होता. घाबरलीये बिचारी, मी मनात म्हटलं. जावई पाव वळसा. अंगठा.

दुसरी ओळ. पुन्हा तीच खूण. जावई अर्धा वळसा. अंगठा.

तिसऱ्या ओळीला तिचा सूर घसरला. थोडासाच, पण घसरला. तिने माझ्याकडे बघितलं. मी, काय अक्कल गहाण टाकली होती देव जाणे, जावई पूर्ण फिरवला आणि दोन्ही अंगठे दाखवले.

तेव्हा तिचा चेहरा बदलला. तिने खूण करायचं सोडून दिलं. नजर खाली घातली आणि आवाज इतका बारीक केला की ती ओट्यापाशी गातेय असं वाटावं. तिसऱ्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं.

ते हसू ऐकलं आणि मी पुन्हा दिव्यांकडे बघितलं. दिवे सांगतात की आवाज डेस्कमधून निघाला. पोचला की नाही, हे दिवे थोडेच सांगतात! मी उठले आणि भर कार्यक्रमात, तीनशे लोकांसमोर, गुडघ्यांवर रांगत स्टेजवर गेले. मॉनिटरमागे बघते तर वायर निघून शेजारी पडलेली. साहेबांची उडी!

मी वायर खटकन बसवली आणि ओरडले, "आई, लागलं गं! आता लागलं!"

तिच्या हातातला माइक चालू होता. माझं 'आई, लागलं गं' अख्ख्या हॉलने ऐकलं. आता तर सगळेच हसले.

आई थांबली. मला वाटलं, संपलं, आता ही उतरून जाणार आणि पुढची चोवीस वर्षं पुन्हा ओट्यापाशी. पण तिने घसा साफ केला आणि खिडकीवरच्या आवाजात म्हणाली, "आत्ता मला ऐकू येतंय. पहिल्यापासून म्हणते. कोणाला हसायचं राहिलं असेल तर हसून घ्या."

तिसरी रांग सरळ होऊन बसली.

मग ती गायली. मला उठून जाता येईना, मधे हललं तर सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. म्हणून मी तिथेच मॉनिटरमागे पोटावर पडून राहिले, तिच्या पायांपाशी. तिथून पहिल्यांदा कळलं, स्टेजवर हॉलचा आवाज किती उशिरा आणि कसा गढूळ येतो ते. मॉनिटर बंद असला तर तिथे माणसाला आपण कुठे आहोत हेच कळणार नाही. शेवटची ओळ तिने अशी उचलली की मला रडू आलं. टाळ्या किती वेळ पडल्या ते मोजायच्या अवस्थेत मी नव्हते.

सर मात्र नुसते जवळ आले, लाल पट्टी सोलून काढली आणि माझ्या तळहातावर चिकटवली. बोलले काहीच नाहीत. वायरीसारखंच.

घरी आल्यावर आई मावशीला फोनवर सांगत बसली, "पोरगी धावत आली म्हणून निभावलं बाई!" तिसऱ्यांदा ऐकल्यावर मला राहवेना. खाई त्याला खवखवे. मी सगळं सांगून टाकलं. जावई, पाव वळसा, अंगठे, सगळं.

आईने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "तू अंगठा दाखवलास ना, तेव्हा मला वाटलं, मशीन ठीक आहे म्हणजे मीच बेसूर झाले. चोवीस वर्षांपूर्वीसारखी."

"चुकलं गं आई," मी म्हणाले. तिने कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या.

दोन दिवस ती मोजकंच बोलली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने चहा दिला. मी एक घोट घेतला.

"साखर कमी आहे गं थोडी."

"हो का? आण इकडे." कप घेऊन ती आत गेली. डब्याचं झाकण वाजलं, चमचा कपात खणखण फिरला. ती बाहेर आली. "आता बघ बरं."

मी घोट घेतला. "आत्ता कसा! मस्त!"

आई समोर बसली. पदराने तोंड झाकून आधी नुसती हलत होती, मग खो खो हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला आधी कळेना. मग कळलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"चिमूटभरही घातली नाही, शहाणे," ती डोळे पुसत म्हणाली. मग उठली, साखरेचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. "आता खरी घाल. आणि हे बघ, दिवाळखोर डोक्याच्या मुली, पुढच्या महिन्यात हॉस्पिटलात आणखी एक कार्यक्रम आहे, मी पुन्हा नाव दिलंय. दोन गाणी आहेत. मी खूण केली की आधी पळत यायचं. फिरवायचं ते मग फिरव."