बाबाचा आवाज कमी करजो

कार्यक्रम चालू असताना वेदश्री रंगमंचाच्या बाजूला, पडद्याआड बसते. प्रेक्षकांना जे ऐकू येतं ते निकेशच्या हातात; तो समोर, खुर्च्यांच्या मागे आपला मिक्सर मांडतो. वेदश्रीचं काम वेगळं. गाणाऱ्यांच्या कानात जे छोटे इअरफोन असतात, त्यांत कुणाला काय ऐकू जावं आणि किती, हे ती सांभाळते. कुणाला तबला जास्त लागतो, कुणाला हार्मोनियम, कुणाला फक्त स्वतःचा गळा. एक बटण दाबलं की गाणाऱ्याच्या कानात जे चाललंय तेच तिच्याही कानात येतं.

प्रभाकरराव आणि प्रेरणा या बाप-लेकीच्या कार्यक्रमांना ती दोन वर्षांपासून जात होती. प्रभाकरराव शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. वर्ध्यातले निम्मे लोक त्यांना सरच म्हणत, वेदश्रीही. प्रेरणा बँकेत नोकरीला होती आणि शनिवार-रविवार बाबांबरोबर भक्तिगीतं, भावगीतं गायची. आधी सर एकटे गात आणि प्रेरणा मागे बसून साथ देई. आता लोक प्रेरणासाठी येत होते. हे सगळ्यांना कळत होतं; कुणी बोलत नव्हतं.

उन्हाळ्यात पिपरी मेघेच्या एका सभागृहात कार्यक्रम होता. आवाजाची तपासणी झाल्यावर सर चहाला गेले, तशी प्रेरणा वेदश्रीजवळ आली.

"वेदू, एक काम कर. माझ्या कानात बाबाचा आवाज नको देऊ."

"कमी करू?"

"बंदच कर. त्याहिचा सूर उतरते गं आता. कानात ऐकलं की माझाही उतरते." तिने मागे वळून पाहिलं. "त्याहिले नको सांगू."

असं मागणं नवीन नव्हतं. गाणारे एकमेकांना कानातून काढायला सांगतात आणि रंगमंचावर एकमेकांकडे पाहून हसतात. वेदश्रीने सरांचा आवाज प्रेरणाच्या कानातून काढला. त्या दिवशी प्रेरणा फार छान गायली. पुढचे कार्यक्रमही तसेच झाले.

मग पवनारचा कार्यक्रम आला. धाम नदीपासून जवळच एका मैदानात मांडव घातला होता. दुपारी वायरी जोडून झाल्या, तेव्हा सर हातात चहाचा कप घेऊन वेदश्रीच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. बराच वेळ मिक्सरवरचे दिवे पाहत राहिले.

"पोरी, माझ्या कानात माझाच आवाज लय येऊन राह्यला. तो कमी कर. प्रेरणाचा वाढव."

"सर, स्वतःचा आवाज नाई आला तर सूर कसा सापडन तुम्हाले?"

"माझ्या आवाजाचा भरोसा नाई राह्यला आता." ते अगदी सहज बोलले. "तिचा सूर पक्का आहे. तो धरून मी बरोबर जातो. फक्त तिले सांगू नको, ती घाबरन."

वेदश्रीने मान हलवली.

"अन् तिच्या कानात मले ठेवजो बरं," ते उठता उठता म्हणाले. "लहानपणापासून माझ्याच आवाजावर गाते ती. त्याच्याशिवाय तिले चैन पडत नाई."

"हो सर," वेदश्री म्हणाली.

सर उठून गेले. प्रेरणाला सांगावं तर सरांचा शब्द मोडतो, सरांना सांगावं तर प्रेरणाचा. आणि दोघांनी जे मागितलं ते मागायचा त्यांना हक्कच होता. कान त्यांचे होते. तिने सरांचा आवाज सरांच्या कानात नावापुरताच ठेवला, प्रेरणाचा वाढवला आणि प्रेरणाच्या कानात काहीच बदललं नाही.

संध्याकाळी मांडव भरला. पहिली काही गाणी नीट झाली. मग दोघांचं गाणं आलं, एक कडवं त्यांचं, एक तिचं, ध्रुवपद दोघांचं. सरांनी प्रेरणाचं दुसरं कडवं सोडून एकदम तिसरं उचललं. कानात घट्ट इअरफोन असल्याने प्रेरणाला ते ऐकूच गेलं नाही. तिने ठरल्याप्रमाणे आपल्या जागेवर आपलं कडवं सुरू केलं. दोन कडवी एकमेकांवर आदळली. समोरच्या रांगेतल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. सरांच्या कानात फक्त प्रेरणाच होती. त्यांना वाटलं, आपणच कुठेतरी हरवलो. ते थांबले. प्रेरणा डोळे मिटून गात होती.

वेदश्रीने सरांच्या कानाचं बटण दाबलं, मग त्यांच्या माइकचं. सर गप्प नव्हते. माइक हनुवटीशी धरून ते अगदी हळू गुणगुणत होते, प्रेरणाचा सूर शोधत, थांबत, पुन्हा शोधत. प्रेक्षकांपर्यंत ते पोचत नव्हतं.

वेदश्रीने तो आवाज प्रेरणाच्या कानात सोडला.

प्रेरणाने डोळे उघडले आणि वळून पाहिलं. तिची ओळ अर्धीच राहिली. तिने हार्मोनियमवरच्या ओमप्रकाशला हाताने खूण केली आणि ध्रुवपदावर परत आली. बाबांकडे तोंड करून तिने ते एकदा गायलं, दुसऱ्यांदा गायलं. तिसऱ्यांदा सर तिच्या आवाजात मिसळले. त्यांचा सूर थोडा उतरलेलाच होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते मुद्दाम केल्यासारखं वाटलं असावं.

कार्यक्रम संपल्यावर प्रेरणा पडद्याआड आली ती चिडूनच. "तुले सांगितलं होतं ना मी? मधातच काऊन चालू केला?"

"ताई, सर अडकले होते. तुम्हाले समजत नव्हतं."

"मले विचारायचं तरी!"

"गाता गाता कशी विचारू?"

प्रेरणा तडक निघून गेली. वेदश्रीला रागही आला आणि आपण चुकलो की काय, असंही वाटत राहिलं.

दोन-तीन दिवसांनी प्रेरणा एकटीच सिंदी मेघेला आली. तिथे एका गाळ्यात वेदश्री आणि निकेशचं सामान असायचं. कडव्यांची गफलत नेमकी कुठे झाली ते तिला ऐकायचं होतं. कार्यक्रम मिक्सरमध्ये रेकॉर्ड झालेला होता, प्रत्येक आवाज वेगळा. वेदश्रीने ते गाणं लावलं आणि इअरफोन तिच्या हातात दिले. देण्यापूर्वी तिने सरांच्या कानाचं बटण दाबलं.

प्रेरणा ऐकत होती. "हे माझं आहे काय?"

"नाई. सरांच्या कानात हे होतं."

"पण यात तर मीच आहे. बाबा कुठं आहेत?"

"सरांनीच तसं मागितलं होतं." प्रेरणाने गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग इअरफोन काढून ते मुठीत धरून बसली.

"अन् मी त्याहिले पुरं काढून टाकलं," ती म्हणाली. "त्याहिले माहीत आहे?"

"नाई."

"तू नको सांगू. मीच सांगीन."

तिने घरी काय सांगितलं ते वेदश्रीला पुढच्या तालमीत प्रेरणाकडूनच कळलं. ऐकून सरांनी आधी देवाजवळ दिवा लावला, मग येऊन बसले आणि म्हणाले, "तरी म्हणलं, ही आजकाल माझ्या श्वासासाठी थांबत काऊन नाई. मले वाटलं, पोरीले आता घाई झाली." एवढंच. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी मात्र त्यांनी स्वतःच हार्मोनियम काढली आणि दोघांच्या गाण्यांची पट्टी खाली आणून पाहिली. खालच्या पट्टीत त्यांचा गळा पुष्कळ स्थिर होता. प्रेरणाला ती अवघड जात होती, तरी तिने हट्टाने तीच ठेवली.

"दोघांचीच गाणी गाईन मी," सर त्याच तालमीत वेदश्रीला म्हणाले. "बाकीची तिची. अन् माझा आवाज मले थोडा परत दे. खराब असला तरी माहीत तर पाह्यजे."

"ताई, तुमच्या कानात?"

प्रेरणाने बाबांकडे पाहिलं. "दे. पण पुरा नको देऊ, खरं सांगते."

सर मोठ्याने हसले. "पुरा नकोच देऊ तिले!"

दिवाळीनंतरच्या कार्यक्रमात सरांनी प्रेरणाबरोबरची दोन गाणी गायली, कमरेला लावलेला इअरफोनचा छोटा डबा सोडून वेदश्रीच्या हाती दिला आणि पायऱ्या उतरून समोर निकेशच्या शेजारी जाऊन बसले. कानात काही न घालता, लोकांमध्ये बसून त्यांनी लेकीचं गाणं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. थोड्या वेळाने निकेशचा निरोप वेदश्रीच्या कानात आला.

"सर म्हणून राह्यले, तबला लय जोरात आहे. काय करू?"

"कमी कर," वेदश्री म्हणाली.