समुद्राच्या नावाची पावती

“मान ताठ ठिवा मामा, फेटा कानावर येऊ लागलाय,” फेटा बांधणारा म्हणाला, आणि अजिनाथने घाईघाईने मान ताठ केली.

उमापूरच्या सप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन नुकतंच संपलं होतं, दहीहंडी फुटली होती आणि मांडवामागे पोळ्या, वांग्याची भाजी अन् बुंदी यांचा वास असा सुटला होता की माणसं नुसती चुळबुळत होती. तरी कुणी उठत नव्हतं, कारण देणगीदारांची नावं पुकारल्याशिवाय पंगत बसत नाही. माईकवर रामप्रसाद गुरुजी होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचा आवाज अजून चौथीचा वर्ग सांभाळत होता.

अजिनाथला मनातून लई आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कुणी त्याच्या डोक्याला साधा रुमालही बांधला नव्हता.

त्याचं गाव दिंद्रुड. उमापूर हे थोरल्या बहिणीचं, बायनाबाईचं सासर, म्हणून तो साऱ्या गावाचा मामा. तरणा असताना खडीच्या कामावर टोळीबरोबर कोकणात गेला आणि तिथेच अडकला. खाडीच्या काठी एक बाई दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्याची खोली मोजत होत्या. त्यांना दोरी धरायला माणूस हवा होता. अजिनाथने दोरी धरली ती आजपर्यंत. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा, पाणी किती खोल, किती गरम, तळाला चिखल की वाळू, हे बघायचं आणि वहीत लिहायचं. पेडणेकरबाईंची ती समुद्र-संशोधनाची संस्था म्हणजे चार खोल्या, एक होडी आणि सात माणसं. सरकारची नाही, कंपनीची नाही. बाईंना त्याचाच अभिमान, आणि त्यापायीच आता सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मार्चअखेर तीस लाखांचा कायमचा निधी उभा राहिला नाही, तर जागेचा करार संपणार होता आणि संस्था एका बंदरवाल्या कंपनीच्या घशात जाणार होती. मग आकडे कंपनीला आवडतील तसे निघणार. म्हणून बाईंनी प्रत्येकाच्या हातात पावतीपुस्तक दिलं. “आपापल्या गावी जा,” म्हणाल्या, “लाजू नका.”

अजिनाथ लाजला नाही, पण दिंद्रुडने त्याला चांगलंच लाजवलं. “समुद्राला काय धाड भरली? आटला का काय?” असं विचारून लोक खो खो हसले. “इथं आमी टँकरची वाट बगतो, अन् तू समुद्रासाठी वर्गणी मागतो व्हय?” चहा मात्र सगळ्यांनी पाजला. तिसऱ्या दिवशी पित्त उसळलं तेव्हा तो बहिणीकडे आला, आणि इथे भाचा भारत त्याला आज सकाळी थेट युवराजशेठकडे घेऊन गेला.

युवराजच्या गाडीवर भारत ड्रायव्हर होता. “खडी-मुरमाची गाडी हाय, मामा,” त्याने सांगितलं होतं. निवडणुका तोंडावर आलेल्या, युवराजने समुद्राचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “फाडा पावती. पाच लाख एक.”

आमच्याकडे वर्गणीची रीतच तशी आहे. आधी पावती फाडायची, नाव लिहायचं, अन् मग बाकीचं बोलायचं. पावती फाडायला आखडता हात घेतला तर देणाऱ्याचा अपमान. अजिनाथ याच मातीतला. त्याने फाडली. तीस लाखांत नेमके पाचच कमी पडत होते. पावतीवर एक एक अक्षर कोरून काढताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“आणि आता,” गुरुजींनी घसा खाकरला, “समुद्राच्या संशोधनासाठी पाच लाख एक रुपये देणारे आपल्या गावचे सुपुत्र, गोदाकाठचे वाळूसम्राट, युवराजशेठ.”

टाळ्या पडल्या. युवराजने चेक हातात ठेवला, खांद्यावर हात टाकला, चार मोबाइल पुढे झाले. अजिनाथचं हसू फोटोत आलं, पण कानात गुरुजींचा ‘वाळूसम्राट’ हा एकच शब्द घुमत होता.

स्टेजवरून उतरून तो देवळामागे गेला आणि त्याने भारतला गाठलं. भारत पंगतीच्या वाढप्यांत होता, खांद्यावर पंचा, हातात रिकामी बादली.

“वाळूची गाडी हाय व्हय रे ती?”

भारत खाली बघायला लागला. “व्हय.”

“मंग मुरमाची कावून सांगितलं?”

“पावतीच्या खाली बारीक अक्षरात लिव्हलेलं मी काल रात्रीच वाचलतं, मामा. वाळू, बंदर अन् खाणवाल्यांची देणगी घेत न्हाईत म्हणून. तुमाला सांगितलं असतं तर तुमी शेठच्या दारात आलेच नसते. तुमचं काम अडलंतं. आमचं कोण हाय दुसरं, तुमच्याशिवाय?”

आता याला रागवावं तरी कसं? अजिनाथला रडूच यायचं बाकी राहिलं. पोराने जीव लावून मामाचा गळा अडकवला होता.

त्याने बाईंना फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं.

“अजिनाथ, आपल्याला कमी किती पडत होते?” बाईंनी विचारलं.

“पाचच.”

“मग राहू दे तो चेक आपल्याकडेच. उमापूर कुठे, आपण कुठे. कोण विचारायला येणार आहे?”

अजिनाथने फोन कानापासून लांब धरून बघितला, नंबर बाईंचाच होता. एकदा तापाने फणफणला होता म्हणून त्याने एका दिवसाचा आकडा अंदाजाने लिहिला होता, तर याच बाईंनी तो अख्खा महिना अहवालातून काढून टाकला होता. महिनाभर त्याच्याशी धड बोलल्या नव्हत्या. खाडीच्या तळाची अकरा वर्षांची मापं कोर्टात गेली आणि खाडीतला वाळूउपसा थांबला, तेव्हा त्याच बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की हे आकडे अजिनाथचे आहेत.

“बाई, तुमी दमलात,” तो म्हणाला.

“हो रे. दमले. सदुसष्टावं चालू आहे मला.” मग हलक्या आवाजात, “तू ठरव. तू म्हणशील ते,” आणि त्यांनी फोन ठेवला.

हे मात्र त्याला पेलेना. आयुष्यभर त्याने दोरी धरली होती, दोरी कुठे टाकायची ते बाई ठरवायच्या. पैसे घेतले तर संस्था वाचते, भारतची नोकरी टिकते, गावात नाव होतं, अन् खुद्द बाईंची परवानगी आहे. नाही घेतले तर सगळंच जातं. एवढा सोपा हिशोब, आणि तरी छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं होत होतं. घ्यावं तरी अडकलो, सोडावं तरी अडकलो.

बायनाबाई पोळ्यांच्या तव्यापाशी बसली होती. त्याने तिला बाजूला बोलावून सांगितलं. तिने हाताचं पीठ झटकलं, त्याच्या फेट्याकडे बघितलं.

“तुला समुद्रानं पोसलं,” ती म्हणाली. “माझं घर त्या गाडीवर चाललंय. दोन नातवंडं हायेत मला.”

“म्हणून तर इचारायला आलो, अक्का.”

“मला इचारू नको. मी व्हय म्हणले तर तू मला जन्मभर बोल लावशील, अन् न्हाई म्हणले तर माझी सून. तुजं तू बघ.” आणि ती परत तव्यापाशी जाऊन बसली.

युवराज मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता, भोवती पाचसात माणसं. अजिनाथने पावती परत मागितली तेव्हा तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

“बसा, मामा. वाळू म्हणजे काय गांजा हाय का? तुमची संस्था ज्या भिंतीत हाय, त्या भिंतीत काय घातलंय?”

“वाळूच.”

“मंग?”

“तुमचं बरोबर हाय, शेठ. बोलण्यात मी तुमाला पुरा पडणार न्हाई.” अजिनाथ म्हणाला. “पण त्या वहीतला एक एक आकडा मी माझ्या हातानं लिव्हलाय. उद्या कुणी म्हणलं, हे बी वाळूवाल्याचंच खातेत, तर ती वही चुलीत घालायच्या लायकीची. अठ्ठावीस वर्षांत मी दुसरं काहीच केलेलं न्हाई.”

युवराजने खिशातून पावती काढली, पण दिली नाही. “घ्या. पण भोंग्यावर चढलेलं नाव भोंग्यावरनंच उतरतं. तुमच्या तोंडानं सांगा. युवराजनं फुकटच्या टाळ्या घेतल्या असं गावानं म्हणू नये.”

“सांगतो. अन् भारतचं?”

“मी भारतचं काही बोललो का?” युवराज म्हणाला आणि शेजारच्या माणसाशी बोलायला लागला.

पहिली पंगत बसत होती. रामप्रसाद गुरुजींनी माईक द्यायला कुरकुर केली, युवराजकडे बघितलं, त्याने मान हलवली, तेव्हा दिला. अजिनाथने तो दोन्ही हातांनी धरला.

“मंडळी, मी बायनाबाईचा भाऊ. युवराजशेठनी मला पाच लाखांचा चेक दिला. खराखुरा दिला. पण आमच्या संस्थेला वाळूच्या धंद्याचे पैसे चालत न्हाईत. पावती फाडायच्या आधी मी इचारायला पायजे होतं, ते इचारलं न्हाई. चूक शेठची न्हाई, गावाची न्हाई. माझी हाय. चेक मी वापस करतो.”

पंगतीतून कुणीतरी म्हणालं, “समुद्रालाबी सोवळं असतंय का बे?” आणि मोठा हशा पिकला. अजिनाथ तो हशा संपेपर्यंत उभा राहिला. मग चेक युवराजच्या हातात दिला, पावती घेतली, गुरुजींकडून पेन मागून तिच्यावर आडवं ‘रद्द’ लिहिलं, खाली तारीख, वेळ आणि सही. ती पावतीपुस्तकात तिच्या जागी टाचणीने लावली आणि पुस्तक पिशवीत ठेवलं. मार्च संपायला चारच दिवस उरले होते; संस्था संपली होती आणि ती त्याने संपवली होती. बाईंना हे कुठल्या तोंडाने सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं.

उपाशी निघून गेला असता तर सप्ताहाचा अपमान, म्हणून तो पंगतीच्या टोकाला बसला. शेजारचा माणूस थोडा सरकून बसला. पानात पोळी आली, भाजी आली, बुंदी आली, भात आला. मग समोर वरणाची बादली थांबली. भारत होता.

“शेठनं चावी घेतली,” भारत हळूच म्हणाला. भातावर वरण वाढता वाढता त्याने विचारलं, “मामा, तुमच्या तिकडं गाडीवर काही काम भेटंल का? बोटीवर बी चालंल. मी शिकंन.”

अजिनाथने भात कालवायला घातलेला हात तसाच ठेवला.

“भारत, एक तारखेपासनं तिकडं मलाच काम न्हाई.”

भारत बादली धरून उभा राहिला. पंगतीच्या मधून कुणीतरी वरणासाठी हाक मारली. त्याने वाकून मामाच्या भातावर, न मागता, आणखी एक वाटी वरण घातलं.

“सावकाश जेवा,” तो म्हणाला, आणि पुढच्या पानाकडे सरकला. “वरण घ्या, वरण...”