तपकिरी कडं

साहेब, ते तिन्ही मासे तुम्ही मारले. दगाने नाही.

बासष्ट सालचा पावसाळा सरला आणि शहाद्याच्या शाळेत, विज्ञानाच्या खोलीत, काचेची पेटी आली. आत मुंबईहून आणलेलं समुद्राचं पाणी आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे तीन मासे. शिक्षण खात्याच्या साहेबांनी हंगामी शिपाई दगाला समोर उभं केलं.

"सव्वीस जानेवारीला मोठे पाहुणे येणार. तोवर मासे जगले तर तू कायम. आणि पाणी सरकारी आहे. बदलायचं नाही."

दगा कळसाडी गावचा. आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईने मुद्दाम असलं नाव ठेवलं. मरणाने वळून पाहू नये एवढाच हेतू. नऊ वर्षं तो हंगामीच होता. खोलीत वीज नव्हती. तो ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरायचा आणि बारीक नळीने ती पाण्यात सोडायचा. दिवसातून चारदा, सुट्टीलासुद्धा.

मग साहेबांनी बाजाराच्या दिवशी खोली लोकांना उघडी केली. तापीकाठच्या बाया आल्या. प्रकाशा तीर्थाच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकतात, तशा त्यांनी इथेही टाकल्या.

"नका टाकू वं माय, पानी सडी जाई," दगा म्हणाला.

"पुन्यनं काम शे भाऊ," त्यांच्यातली मंगलाबाई म्हणाली. "आनि तू कोन रे आडावनारा? नावच दगा! तुन्हा हातना मासा काय जगतीन!"

बाया हसल्या. दगाही हसला. मागे साहेब सपत्नीक उभे होते. "टाकू दे रे, लोकांची श्रद्धा आहे," म्हणाले. बाईसाहेबांनी मूठभर बुंदी टाकली. मासे पोट फुटेस्तोवर खात होते, उरलेलं तळाशी बसत होतं. दगा मागाहून चमच्याने काढायचा. निघेल तेवढं निघायचं.

विज्ञानाचे चुनीलाल मास्तर. त्यांनी पेटीतलं पाणी परीक्षानळीत घेतलं, त्यात हिराकसाचं, म्हणजे लोखंडाच्या हिरव्या क्षाराचं, पाणी मिसळलं, नळी तिरपी धरून कडेकडेने तेजाब, जळजळीत आम्ल, सोडलं. दोन थरांच्या मध्ये तपकिरी कडं उमटलं.

"हे नायट्रेट. सडक्या अन्नाचं, माशांच्या घाणीचं शेवटी हेच होतं. पाणी स्वच्छ दिसतं आणि हे आत साठत जातं. खाणं तोड. तिसरा हिस्सा पाणी काढ, नवं समुद्राचं घाल."

"नवं कोठून आनू, मास्तर?"

"अक्कलकुव्यावरून गुजरातच्या किनाऱ्याकडचे ट्रक रोज येतात. साहेबांनी फक्त हो म्हणायचं."

मास्तरांनी साहेबांच्या नावे अर्ज लिहून दिला. पुढच्या आठवड्यात कडं जाड झालं, त्याच्या पुढच्या आठवड्यात जवळजवळ काळं. मग साहेबांचं लेखी उत्तर आलं: पाणी बदलू नये. कमी पडल्यास विहिरीचे पाणी व मीठ घालावे.

ट्रकवाला जालमसिंग म्हणाला, "पिंपभर पानी मी आनी देस. कोनले सांगू नको म्हंजे झायं."

"साहेब नाही म्हने," दगा म्हणाला.

एवढंच म्हणाला. त्याने मीठ घातलं.

पहिला मासा कुशीवर झाला. चार दिवसांनी दुसरा. तिसरा एकोणीस जानेवारीला सकाळी वर तरंगत होता. दगाने त्याला ओंजळीत घेतलं, शाळेमागे खड्डा करून पुरलं, हात धुतले. रडू आलं नाही, रागही आला नाही. दुपारी त्याने नेहमीसारखी ट्यूब भरली. रिकाम्या पेटीत बुडबुडे येत राहिले. तो स्टुलावर बसून बघत राहिला.

पाहुणे आलेच नाहीत. साहेबांचा कागद मात्र आला: मासे तुमच्या हयगयीमुळे मेले. कामावरून का काढू नये? तीन दिवसांत खुलासा करावा.

दगाने तो कागद आणि आधीचं उत्तर मास्तरांच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवलं.

"लिखा."

"काय लिहू? चूक झाली, माफी असावी?"

"नाही. लिखा: पानी बदलू नको, हाई कोनी सांगं? गोळ्या टाकू दे, हाई कोनी सांगं?"

"दगा, साहेबांना असं लिहीत नाहीत."

"मंग त्यास्नी माले कसं लिखं?"

मास्तरांनी दौत पुढे ओढली. टाक बुडवला, शब्द शुद्ध करायला गेले, तर दगाने मनगट धरलं. जसं बोलला तसंच लिहवून घेतलं. खाली अंगठा नाही, वेडीवाकडी सही केली. सहीच्या वर एक ओळ जागा उरली होती.

"आनि इथं लिखा," तो म्हणाला. "तीन दिनमा खुलासा करा."